उंबऱ्यावर उभा नवरदेव

सावेता चिर्पानोवनं बेलग्रेडच्या दिग्दर्शकाला कालव्यात ढकललं, ही बातमी आमच्या गल्लीतल्या बेकरीच्या रांगेतून निघाली आणि हातातला चीज भरलेला गरम बुरेक गार व्हायच्या आत चर्चमागच्या आळीत पोचली. तिथं पोचेपर्यंत दिग्दर्शकाला पोहता येत नव्हतं आणि एका कोळ्यानं त्याला केस धरून वर ओढलं होतं. मी या बातमीत फक्त एक बदक घातलं. बदकाशिवाय आमचा कालवा डोळ्यांसमोर उभाच राहत नाही.

खरं म्हणजे तिनं त्याला हातसुद्धा लावला नव्हता. रेल्या, म्हणजे तो दिग्दर्शक, दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करून काठावरून उलटा चालत होता आणि घोडा कुठून दौडत येईल ते तिला दाखवत होता. त्याच्या मागं काठ संपतोय हे सावेताला दिसत होतं. ती गप्प राहिली. पाणी कमरेएवढं होतं, त्यामुळं माणूस शाबूत राहिला, फक्त बूट गेले.

"बाई, निदान सांगायचं तरी," तो निथळत म्हणाला.

"तूच म्हणालास ना, शब्द कमी करा, सगळं दिसण्यातून कळू दे," सावेता म्हणाली.

हा घोडा कुठून उपटला, ते सांगायला हवं. सावेता माझी शेजारीण. आमच्या दोघांच्या अंगणात एक भिंत आहे आणि त्या भिंतीला माझे कान आहेत. गावच्या नाटकघरात जुनी नाटकं नव्यानं बेतून देण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं. कुठला प्रवेश छाटायचा, कुठं दोन वाक्यं पेरायची, हे तिला शिंप्यासारखं नजरेनं कळतं. स्वभाव मात्र तापलेल्या इस्त्रीचा. तिच्याशी बोलताना मी नेहमी हातभर अंतर ठेवतो.

तर टेलिव्हिजनवाल्यांना आमच्या गावचं 'उंबऱ्यावरचा जावई' पडद्यावर आणायचं होतं. दीडशे वर्षांपूर्वी इथल्याच एका औषधवाल्यानं लिहिलेलं नाटक आहे. त्यातला नवरदेव मुलीला मागणी घालायला येतो. दारातच मुलगी मुरंबा आणि पाण्याचं तबक घेऊन येते, आमच्याकडं पाहुण्याला असंच घरात घेतात. तो मुरंब्याचा एक चमचा तोंडात घालतो, पाणी पितो, चाटलेला चमचा पेल्यात टाकतो आणि आता आत या म्हणतील म्हणून वाट बघतो. तेवढ्यात मुलीच्या आईचं आणि आत्याचं जुंपतं, की मागणीची खबर आधी कोणाला द्यायला हवी होती. त्याला आत या कोणीच म्हणत नाही. मुरंबा खाल्ल्यावर पाठ फिरवून जाणार कसा? अख्खा अंक तो उंबऱ्यावर उभा राहतो, आणि अंक संपतो तेव्हा त्याचं लग्न आत्याशी ठरलेलं असतं.

पटकथा लिहायला सावेताला बोलावलं तेव्हा ती आठवडाभर माझ्याशी गोड बोलत होती. मी काळजीत पडलो. मग रेल्या आला, आणि गाडी रुळावर आली.

रेल्या वाईट मुलगा नव्हता. आल्याबरोबर माझ्या बायकोच्या, देसाच्या हाताला ओठ लावायचा, जेवल्यावर स्वतःची ताटली उचलायचा. पण चित्रपट म्हणजे हालचाल, एवढं एकच त्याला कोणीतरी शिकवलं होतं आणि तो ते विसरायला तयार नव्हता. सावेता उंबऱ्याचा प्रवेश लिहून पाठवायची, तो परत यायचा, आणि समासात लिहिलेलं असायचं, "हे जत्रेत घडलं तर?" तिनं पुन्हा लिहिलं. "नावेत?" पुन्हा लिहिलं. "नवरदेव घोड्यावर, दोघी बग्गीत, भांडण धावतं?"

त्या दिवशी तिनं अंगणातला टॉमेटोचा वाफा खणायला घेतला. टॉमेटो अजून कच्चे होते.

"ताई, घोडा वाईट नाही दिसायचा," मी भिंतीवरून म्हणालो. आगीत लाकूड घालायला मला आवडतं.

"तोशा, तुला घोडा दिला तर तू माझं बोलणं ऐकत इथं उभा राहशील?"

"मी लगेच सुटेन."

"मग? त्याला पळता येत नाही, यात तर सगळी गंमत आहे. घोड्यावर बसवला की तो मोकळा झाला. मोकळा माणूस दोन बायांचं भांडण कशाला ऐकेल? आणि त्यानं ऐकलं नाही तर आपण कशाला ऐकायचं?" तिनं फावडं मातीत रोवलं. "गेली पंचवीस वर्षं मी या नाटकातली वाक्यं कापत आले. पाद्री कापला, न्हावी कापला, शेवटचं गाणं कापलं. उंबऱ्याला कधी हात लावला नाही. उंबरा काढला की राहतं काय? एक आत्या आणि एक घोडा."

शेवटी तडजोड झाली. रेल्या म्हणाला, एक सकाळ तुमची. दुपारपर्यंत उंबऱ्याचा प्रवेश जमला तर तो ठेवू. नाही जमला तर घोडा शेतात खोगीर घालून उभाच आहे. सावेतानं हो म्हटलं, पण असं, की मी दार लावून घेतलं.

उंबरा माझ्या घराचा निवडला होता, कारण आमचा दरवाजा जुना आणि रुंद आहे. मुरंबा देसाचा, पांढऱ्या चेरीचा. नवरदेव मात्र बेलग्रेडचा आणला नव्हता. तो आमचा झार्को. रंगमंचावर हा माणूस इतकी वर्षं मागणी घालतोय, की तेवढ्या काळात त्याचे स्वतःचे दोन संसार मांडून मोडले. रस्त्यात लोक त्याला अजून जावईबापू म्हणतात. आई आणि आत्या मात्र राजधानीच्या नट्या, चांगल्या होत्या.

चित्रण सुरू होण्याआधी सगळ्यांना ताकीद मिळाली, की श्वासाचा आवाज येता कामा नये. माझं हसणं गावाला माहीत आहे, म्हणून देसानं माझ्या तोंडात माझीच टोपी कोंबली.

झार्को पहिलं वाक्य बोलला आणि भुवया वर करून थांबला. आत्या बोलली. झार्को दुसरं वाक्य बोलला, पुन्हा भुवया, पुन्हा थांबला. माशी उडाली तरी ऐकू येईल इतकी शांतता. तिसऱ्या वाक्याला त्यानं आवाज चढवला. चौथ्याला कपाळावर घाम आला.

"काका, मध्ये मध्ये थांबता कशाला?" रेल्यानं विचारलं.

"लोकांना हसायला वेळ देतो."

"कुठल्या लोकांना?"

झार्कोनं इकडंतिकडं बघितलं. "तेच म्हणतो मी. कोणी हसतच नाहीये. आज काहीतरी बिघडलंय."

न थांबता बोला, म्हणून सांगितलं. मग तो असा सुटला की कोंबड्या खुराड्यात शिरल्या. वाक्यावर वाक्य चढलं, आणि आईनं उत्तर दिलं ते तिसऱ्याच प्रश्नाला. थांब म्हटलं की भोक पडत होतं, थांबू नको म्हटलं की चेंगराचेंगरी. प्रत्येक वेळी त्याला नव्यानं मुरंबा खावा लागत होता. त्याचा चेहरा मुरंब्याच्याच रंगाचा व्हायला लागला.

ऊन दारात आलं, दुपार झाली. रेल्यानं कानावरचं यंत्र काढलं.

"सावेताबाई, मी प्रामाणिकपणे प्रयत्न केला. प्रवेश उभ्या उभ्या मेलाय. चला शेतात."

"मेला नाहीये. तू त्याचा गळा धरलायस. हसायचं नाही, थांबायचं नाही, मग त्यानं करायचं काय?"

"तेच तर. त्याला करायला काही नाहीये. म्हणून घोडा."

"घोड्याचं नाव पुन्हा काढलंस तर मी त्याला तुझी जागा देईन."

"बाई, हे नाटकघर नाही."

"ते कळलं मला, बाळा. नाटकघरात दिग्दर्शकाला नाटक कळतं."

दोघं दाराच्या दोन बाजूंना उभे, मध्ये उंबऱ्यावर झार्को. पेल्यावर ऊन चमकतं म्हणून तबक धरणाऱ्या मुलीला कोणीतरी बाजूला नेलं होतं, आणि चाटलेला चमचा झार्कोच्याच हातात राहिला होता. त्यानं तो डावीकडं धरला. रेल्या ओरडत होता. उजवीकडं धरला; सावेता ओरडत होती. "हा मी कुठं..." त्यानं सुरुवात केली. कोणी बघितलं नाही. त्यानं चौकटीकडं बघितलं, फुलाच्या कुंडीकडं बघितलं, पण दुसऱ्याच्या घरी चाटलेला चमचा कुंडीत खुपसणाऱ्याला मुलगी कोण देईल? कोटाचा खिसा उघडून बघितला. कोट नाटकघराचा. खिसा बंद केला. शेवटी चमचा मेणबत्तीसारखा छातीशी धरून तो उभा राहिला.

माझ्या तोंडातली टोपी थेट पायरीवर जाऊन पडली.

"तोशा, हसतोस काय मेल्या, इथं माझं मरण..." सावेता वळली, आणि झार्कोकडं बघत राहिली. तिचं तोंड उघडं राहिलं. असं मी कधी बघितलं नव्हतं.

"रेल्या," ती हळू आवाजात म्हणाली, "पेला द्यायचा नाही. मुलीला तबक घेऊन आत जाऊ दे. झार्को, तू वाक्य बोललास की थांब, पण हसण्यासाठी नाही. चमचा कुठं ठेवायचा ते शोध. कोणी हसलं, नाही हसलं, तुला त्याचं काय. तुला चमच्याची काळजी."

पुढच्या खेपेला झार्कोनं भुवया हलवल्या नाहीत. वाक्य बोलायचा आणि बिचारा जागा शोधायचा. ते भोक भरलं. आत्यानं ऐन भांडणात हात पुढं केला तेव्हा त्यानं आशेनं चमचा तिच्या हातात ठेवला, तिनं तो धरला, आणि झालं, मागणी झाली. हे कोणी सांगितलेलं नव्हतं. चित्रण बिघडलं, कारण या वेळी रेल्या हसला. त्याच्या पुढच्या खेपेला सगळ्यांनी ओठ चावले आणि प्रवेश पार पडला. शेतातला घोडा तोवर झोपला होता.

आता तुम्हाला वाटेल, सावेता खूश झाली. छे. चित्रपट लागला तेव्हा नावांच्या पाट्यांमागं घोडा दौडत होताच. रेल्यानं संध्याकाळी गुपचूप त्याचं चित्रण उरकलं होतं. सावेताला सगळ्यात आवडणारं आत्याचं वाक्य कापलं गेलं होतं. आणि पुढच्या रविवारी पेपरात रेल्याची मुलाखत आली: शब्दांत अडकलेल्या जुन्या नाटकाला दृश्याची भाषा कशी द्यायची, हा मोठा प्रश्न होता, मग एका क्षणी मला तो चमचा दिसला, वगैरे. सोबत फोटो. फोटोत तो बोटांची चौकट करून उभा.

मी पेपर घेऊन भिंतीशी गेलो. वाचून दाखवणं माझं कर्तव्यच होतं. सावेता मिरच्या भाजत होती. तिनं पेपर घेतला, मुलाखत शेवटपर्यंत वाचली आणि भाजलेल्या मिरच्या त्यातच गुंडाळून ठेवल्या.

"ताई, चमचा तुझा आणि मिरवतोय तो," मी म्हणालो. "एक पत्र तरी टाक पेपराला. मी लिहून देतो, जरा मसाला घालून."

तिनं हाताची काजळी ॲप्रनला पुसली.

"चमचा नेऊ दे त्याला. माझा माणूस दारातून हलला नाही."