आत्याबाईंच्या मोटारीचा गंज

माझ्या सासरी मोटार होती, पण ती कुठं जात नसे. औरंगाबादेतल्या आमच्या घराच्या मागच्या अंगणात, म्हशीच्या गोठ्याला लागून, कडुनिंबाखाली ती उभी असे. निजामाच्या राज्यात मोटार असलेली घरं थोडी, त्यामुळे माझं लग्न ठरलं तेव्हा माहेरच्यांनी ही गोष्ट गावभर सांगितली. ते खोटं नव्हतं. घरी म्हैसही होती आणि तिचा उपयोग जास्त होता, पण ते कोणी सांगितलं नाही.

मोटार आत्याबाईंची. आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण. त्यांच्या यजमानांचा सिल्लोडला कापसाचा व्यापार होता. बदली होऊन निघालेल्या कुठल्याशा अंमलदाराकडून त्यांनी ती जुनीच घेतली होती. यजमान वारले आणि वर्षाच्या आत आत्याबाई त्याच मोटारीत बसून भावाकडं कायमच्या राहायला आल्या. ड्रायव्हरनं त्यांना उतरवलं, किल्ली मामंजींच्या हातात दिली आणि तो निघून गेला. त्यानंतर मोटार जागची हलली नाही.

आत्याबाईंना घरात खोली नव्हती. रात्री त्या माजघरात कोठीच्या दाराशी अंथरूण घालत आणि पहाटे गुंडाळून ठेवत. पण दुपारची जेवणं उरकली की अडकित्ता आणि सुपारीचा डबा घेऊन त्या मागं जायच्या, मोटारीत मागच्या गादीवर बसायच्या आणि दार लावून घ्यायच्या. उन्हं उतरेपर्यंत तिथंच. सासूबाईंपासून माझ्यापर्यंत घरातल्या सगळ्या बायका दिवसभरात कुठं ना कुठं घटकाभर टेकायच्या. बसणारी अशी एकच होती, आणि मला तिचा हेवा वाटायचा.

त्या वर्षी पाऊस सरता सरता सिल्लोडहून आत्याबाईंच्या दिराचा निरोप आला. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, वरातीला मोटार हवी होती, दसरा झाला की येऊन घेऊन जातो. परत आणून देण्याबद्दल निरोपात काही नव्हतं.

आत्याबाईंनी सुपारी कातरणं थांबवलं नाही. "म्हंजे आता मी बसू कुठं?" त्या म्हणाल्या. त्या हे मला म्हणाल्या की अडकित्त्याला, ते मला कळलं नाही.

मामंजी अदालतीत पेशकार होते, मिसली म्हणजे खटल्यांचे कागद मुन्सफापुढं ठेवायचे, आणि नुकतेच पेन्शन घेऊन घरी बसले होते. त्यांना फैसला करायला वेळ लागला नाही. "वस्तू त्यांच्या घराण्याची आहे. मागितली तर द्यायची," ते म्हणाले. "पण अशी नाही."

अशी म्हणजे गंजलेली. आमच्याकडं रीत अशी, की सोयऱ्यांच्या घरचं भांडं परत करायचं ते घासून, आणि रिकामं नाही. निदान मूठभर साखर तरी घालून. मामंजींनी ही रीत मोटारीला लावली. मोटारीच्या चाकांवरच्या चारही पंखांना गंज चढला होता, दारांच्या खालच्या कडा खाल्ल्या गेल्या होत्या, आणि एका दिव्याच्या मागं पत्र्याला हात लावला तर त्याचा भुगा हातात येत होता. हे सगळं दसऱ्याच्या आत घरच्या घरी दुरुस्त करायचं आणि आत दौलताबादची सीताफळं ठेवून मोटार रवाना करायची, असं ठरलं. ठरवणारे मामंजी होते. घासणारी मी होते.

गंज कशानं काढायचा यावर आत्याबाईंनी स्वतःहून मत दिलं. "चिंचेनं," त्या म्हणाल्या. "चिंच आन् मीठ. तांब्याचा हंडा कसा निघतो? तसाच हाबी निघंल."

मामंजींना हे एकदम पटलं. आयुष्यभर त्यांनी भांडं घासलेलं नव्हतं, त्यामुळे शंका यायचं कारण नव्हतं. मी पाटीभर चिंच भिजवली आणि काथ्यानं ते पंख दुपारभर घासले. गंज खरंच निघाला. खालून पांढरा पत्रा दिसायला लागला. मग भांडी धुतात तशी मी मोटार विहिरीच्या पाण्यानं लख्ख धुतली आणि भांडी पालथी घालतात तशी ती निथळायला सोडून दिली. मामंजी कंदील घेऊन दोनदा पाहून आले.

सकाळी मोटार गेरूनं सारवल्यासारखी दिसत होती. जिथं काल ठिपके होते तिथं आता सलग गंज होता.

मामंजींनी सगळीकडून पाहिलं. "चिंच जुनी होती," ते म्हणाले.

म्हणून नवी चिंच आणली. पुन्हा घासलं, पुन्हा धुतलं, पुन्हा सकाळ झाली. आत्याबाई गादीवर बसून काचेतून माझ्याकडं बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर इतकी काळजी होती, की तेव्हाच मला संशय यायला हवा होता. "लिंबू लावून बघावं का गं?" त्यांनी विचारलं. मामंजींनी लिंबंही आणवली.

लिंबानंतर मात्र मी सांगून टाकलं, की माझे हात सोलले आहेत आणि लोखंडाला पाणी लावून आजवर कोणाचं भलं झालेलं नाही. सुनेनं असं बोलायचं नसतं. मामंजींनी ऐकलं नाही असं दाखवलं आणि दुसऱ्या दिवशी बाजारातून काचकागद, काळं रोगण आणि रॉकेल घेऊन आले.

मग काम पुढं सरकलं. काचकागदानं कोरडंच घासायचं, रॉकेलच्या चिंधीनं पुसायचं, पाणी दाखवायचं नाही. जवसाच्या तेलात खडूची पूड मळून मामंजी खड्डे बुजवायचा लगदा, लांबी, तयार करायचे आणि भरायचे. दारांच्या कडांना त्यांनी रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून ठिगळं मारली. मोटारीपेक्षा मामंजींच्या धोतरावर रोगण जास्त बसलं, तरी मोटार काळी झाली हे मान्य करायला हवं. लांबून ती नवी दिसायची. मामंजी तिच्याकडं लांबूनच बघायचे.

एका दुपारी आत्याबाईंनी सुपारीचा डबा नेलाच नाही, नुसत्याच जाऊन बसल्या. मला फार वाईट वाटलं. मीच घासून घासून त्यांची जागा त्यांच्या हातातून काढून घेत होते.

शेवटच्या दिवशी मी आतून झाडायला घेतलं. खाली पाय ठेवायच्या जागी एक जुनी सतरंजी होती. तिला मामंजींनी हात लावला नव्हता, कारण ती यजमानांनी स्वतः अंथरलेली आहे, असं आत्याबाईंनी त्यांना डोळ्यांत पाणी आणून सांगितलं होतं. मी झाडण्यासाठी ती उचलली. खाली उजव्या बाजूला पत्रा नव्हता. चांगलं ताटाएवढं भोक होतं आणि त्यातून खालची माती आणि कडुनिंबाचा पाला दिसत होता.

मी वर पाहिलं. आत्याबाई दाराशी उभ्या होत्या.

"उजव्या अंगाला मी पाय ठिवतच नाय," त्या म्हणाल्या.

मी सतरंजी होती तशी अंथरली आणि वरची सुरकुती हातानं साफ केली. आजही ते काम मी चांगलं केलं असंच मला वाटतं.

दसऱ्यानंतर दीर आले. बरोबर एक ड्रायव्हर होता. दीर अंगानं भरलेले होते आणि पायांत नवे बूट होते. त्यांनी मोटारीला फेरी मारली, रोगणाला बोट लावून पाहिलं आणि खूश झाले. मामंजींनी सीताफळांची पाटी त्यांच्या हातात दिली. ड्रायव्हर मोटार फिरवून सुरू करायला पुढं हँडलशी गेला. दिरांनी मागचं उजवं दार उघडलं आणि पाटी पोटाशी धरून, मालकानं चढावं तसा ऐटीत पाय आत टाकला.

पाय सतरंजीसकट गुडघ्यापर्यंत खाली गेला आणि बूट जमिनीला लागला. एक सीताफळ घरंगळत म्हशीपुढं गेलं. पाटी तशीच धरून दीर एका पायावर मोटारीत आणि एका पायावर आमच्या अंगणात उभे राहिले. पाय वर येईना, तेव्हा पेशकार मामंजी मोटारीखाली आडवे झाले आणि त्यांनी बूट काढून घेतला.

सुटल्यावर दिरांनी धोतर झटकलं. "वहिनी," ते म्हणाले, "ही ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच. वरातीत जावायाचा पाय रस्त्याला लागला तर लोक लई बोलतील." सीताफळं मात्र ते घेऊन गेले.

मामंजींनी त्या भोकाच्या कडा बोटानं चाचपल्या. "हे मिसलीत आलंच नव्हतं," ते म्हणाले.

"तुम्ही इचारलंच नाय, दादा," आत्याबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी उष्टी काढून मागं हात धुवायला गेले, तर मोटारीचं डावं दार उघडं होतं. आत्याबाई गादीवर एका बाजूला सरकल्या. "ये. बस," त्या म्हणाल्या. "पाय डावीकडं ठिव." त्या घरात आल्यापासून मला बस असं कोणी म्हटलं नव्हतं. मी बसले, आणि त्यांनी मला सुपारी दिली.

थोड्या वेळानं मामंजी आले. हातात डब्याचा कापलेला पत्रा आणि हातोडी होती. एरवी ते थेट येऊन दार उघडायचे. त्या दिवशी ते चार पावलं लांब थांबले आणि बायकांच्या खोलीत यायच्या आधी पुरुष खाकरतात तसे खाकरले.

आम्ही दोघींनी पदर सारखे केले.

"या दादा," आत्याबाई आतून म्हणाल्या.