बोलावलेलं भूत

पडदा वर जातो तेव्हा समोर हॉटेलचं संगमरवरी दार. डाव्या हाताला पोहायचा निळाशार तलाव. उजव्या हाताला बांबूचा उंच सांगाडा, आणि त्याच्या फासळ्यांत पाय रोवून बसलेली, गालात पानाचा तोबरा धरलेली मेन लास्ती. म्हणजे लास्तीची आई. तिचं स्वतःचं नाव आता वस्तीत कुणाला आठवत नाही.

न्येपीच्या, म्हणजे आमच्या मौनाच्या नववर्षदिनाच्या, आदल्या संध्याकाळी वस्तीतून बांबू-पेंढ्याच्या राक्षसांची मिरवणूक निघते, त्यातला सगळ्यात भयंकर राक्षस वर्षानुवर्षं हिच्या हातचा. हे बायकांचं काम नव्हे म्हणणाऱ्या पुरुषांना ती विचारायची, "मग राक्षस घरात सांभाळतं कोण?" काय हशा व्हायचा! वडाखालच्या झऱ्यात बांबू भिजत पडलेले, पोरीबाळी पाय सोडून बसलेल्या. मिरवून झालं की राक्षस जाळायचा. आमच्या गावचा नेम असा, की ज्या झऱ्याच्या पाण्यानं भुताला त्यात बोलावलं, त्याच पाण्यानं निरोप द्यायचा आणि मग आग लावायची. निरोप चुकला तर भूत जागचं हलत नाही आणि ज्या दारात उभं असेल तिथून आत जाणाऱ्याला धरतं.

मग चढावर हॉटेल आलं, जमिनीत खोल पंप गेले, आणि झरा आटला. मेन लास्तीच्या खाचरांत धसकटं उरली. ती हॉटेलच्या मॅनेजरकडे गेली. मॅनेजर विर्या वस्तीतलाच. लहानपणी तिच्याच बांधावरून घसरगुंडी खेळलेला. त्यानं तिला गार चहा दिला आणि समजावलं, की हवामान बदललंय, साऱ्या जगाचं पाणी आटतंय, त्याला हॉटेल काय करणार. खिडकीबाहेर कारंजं उडत होतं. चहाला हात न लावता ती उठली.

पुढं तोच तिच्या अंगणात आला. हॉटेलात हवामानावर परिषद भरणार होती, दारात 'तहानलेली धरती' नावाचं मोठं शिल्प हवं होतं, आणि मेमेशिवाय ते करणार कोण? सगळे तिला मेमेच म्हणत, आई म्हणून. ती हो म्हणाली. लास्ती भडकली. "ज्यानं पाणी पळवलं, त्याच्या दाराची शोभा वाढवणार तू?"

"शोभा कोण म्हणालं?" मेन लास्ती म्हणाली आणि विळा घेऊन शेतात गेली.

स्वतःच्याच मेलेल्या शेताचा पेंढा तिनं सांगाड्याला बांधला. पोट खपाटीला, बरगड्या उघड्या, जीभ लोंबत थेट पायरीपर्यंत. विर्या खूश झाला. पाहुण्यांसाठी घंटा, धूर, पुजारी, सगळं व्हावं असं त्याला वाटलं.

"भूत बोलवायचं? रीतसर?" तिनं विचारलं.

"अगदी रीतसर, मेमे. पाहुण्यांना खरं वाटलं पाहिजे."

पुजाऱ्यानं पाणी मागितलं तेव्हा तिनं कमरेचा भोपळा सोडला. झरा आटला त्या दिवशीचं शेवटचं पाणी तिनं त्यात मेण लावून जपलं होतं. पुजारी तिच्याकडे बघतच राहिला. मग त्यानं मंत्र म्हणत ते सगळं शिंपडलं. टाळ्या पडल्या. तिनं रिकामा भोपळा विर्यासमोर उपडा धरला, तेव्हा कुठं त्याच्या लक्षात आलं, की निरोपाला थेंबही उरला नाही.

दुसऱ्या दिवशी वस्तीतला एकही माणूस दारातून आत जाईना. आचारी, माळी, मालिशवाल्या बायका, सगळे समोरच्या झाडाखाली टेकले. पाहुणे आपल्या बॅगा आपणच ओढत होते. विर्यानं आधी धमकावलं, मग विनवलं. पण तो स्वतःही सकाळी मागच्या कुंपणावरून उडी मारूनच आला होता, आणि ते सगळ्यांनी पाहिलं होतं. शेवटी तो तिच्याकडे आला.

"मेमे, दुसऱ्या झऱ्याचं पाणी आणतो. जाळून टाकू."

"आण की. अंगावर आलं तर मला हाक मारू नकोस."

झऱ्याला पुन्हा पाणी यावं म्हणून शेवटी विर्यानंच पंप बंद केले. तलाव हिरवा पडला, कारंजं खोकत खोकत थांबलं, खोल्या ओस पडल्या. मेन लास्ती रोज वडाखाली जाऊन पान चघळत बसायची. तिच्या चेहऱ्यावर असं समाधान लास्तीनं आपल्या लग्नाच्या दिवशीही पाहिलं नव्हतं. हळूहळू शेवाळ ओलं झालं. मग एक थेंब पडला, त्यामागून दुसरा.

विर्या चांदीच्या वाटीत ते पाणी धरून, अनवाणी, जपत जपत तिच्या बांधावर आला. पोरगा मुळात वाईट नव्हता. वाळला होता, डोळे खोल गेले होते. वाटी पुढं करून म्हणाला, "झऱ्याचंच आहे, मेमे. आता तरी निरोप दे त्याला."

तिनं वाटी घेतली, वास घेतला आणि सगळं पाणी बांधावर ओतलं. भेगेनं ते क्षणात गिळलं. रिकामी वाटी तिनं त्याच्या हातात परत ठेवली.

"हे माझ्या बांधाला लागलं. शेत भरून खाली वाहायला लागलं की ये. तोवर राहू दे त्याला तुझ्याच दारात उभं."