ल्यूशियस मेब्री परवानगी मागतो

माझा नवरा ल्यूशियस कुणाच्या तरी दारात गोळी खाऊन मरणार, हे मी गेली चार वर्षं धरूनच चालले आहे. तो हसतो. हसेना बापडा! गाडीत जीव मुठीत धरून मी बसते, तो नाही.

लोक निवृत्त झाले की तळ्यावर जाऊन मासे धरतात. ह्याला पोरांनी मेटल डिटेक्टर आणून दिला आणि ह्याला जुन्या घरांच्या अंगणातली गंजकी नाणी न् बटणं शोधायचं वेड लागलं. आता परक्याच्या अंगणात खणायचं तर आधी परक्याचं दार वाजवायला हवं. त्याची सगळी रीत त्यानं ठरवून ठेवलेली. मशीन आणि फावडं गाडीतच. फरसबंद वाटेवरूनच चालायचं, गवतावर पाय नाही. टोपी हातात. दार वाजवलं की दोन पावलं मागे, दोन्ही तळवे समोरच्याला दिसतील असे. आणि मग ते भाषण, जे तो सकाळी दाढी करता करता आरशाला ऐकवतो: "नमस्कार, मी ल्यूशियस मेब्री. तुमचं घर फार जुनं आहे. अंगणात जुन्या वस्तू शोधू द्याल का? प्रत्येक खड्डा बुजवीन, आणि सापडेल ते आधी तुम्हाला दाखवीन." पुढे सही करायला कागद. दहा दारांतली सात नाही म्हणतात. एकानं तर काही न बोलता कुत्रं सोडलं होतं.

"इथल्या कुत्र्यांना मी एकतीस वर्षं ओळखतो," तो म्हणाला. "चावायचं नाही ते."

एकतीस वर्षं म्हणजे टपालाची. ह्याच गल्ल्यांतून खांद्याला पिशवी लावून तो दारोदार फिरला. पण तेव्हा अंगावर निळा गणवेश होता. गणवेशातल्या माणसाकडे कुणी बघत नाही, हातातल्या पत्राकडे बघतात. तो उतरवल्यावर उरला कोण? गोऱ्या माणसाच्या अंगणात फावडं घेऊन वाकलेला सहा फुटी काळा माणूस. अमेरिकेच्या दक्षिणेत, ह्या जॉर्जियात, आमची माणसं याहून कमी कारणांनी गेली आहेत. हे मी त्याला शंभरदा सांगितलं.

"म्हणून तर विचारून जातो ना, अर्नेस्टीन."

"विचारायला जातानाच गोळी घालतील, तर उत्तर ऐकायला कोण राहणार?"

स्ट्रिकलंडांच्या घराचं नाव त्यानं काढलं तेव्हा मी जेवणावरून उठले. ह्याची आजी त्या घरी धुणं धुवायची. अंगणातल्या पेकानच्या, म्हणजे अक्रोडासारख्या, झाडाखाली मोठ्या लोखंडी कढईत कपडे उकळायची. धुण्याच्या जागी बटणं गळतात, म्हणे. आजीच्या हातून गळलेलं एक बटण ह्याला हवं होतं. घरात आता म्हातारे मिस्टर वेंडेल स्ट्रिकलंड एकटेच. बायको, जिला सगळे मिस आयलीन म्हणत, दोन वर्षांपूर्वी गेली. तिकडे जाऊ नकोस म्हणून मी रडलेसुद्धा. पण एप्रिलमधल्या एका सकाळी गाडी मीच चालवत होते. एकट्याला कशी सोडणार?

नऊ वाजता त्यानं दार वाजवलं, दोन पावलं मागे आला. मिस्टर वेंडेल बाहेर आले, हसले, कागदावर सही केली, आत जाऊन त्याला बर्फ घातलेला गार चहा आणून दिला. एवढं सोपं झालं की मलाच लाज वाटली. मी काच खाली केली आणि वाटाणे सोलत बसले.

अकरा वाजता ओट्याचं दार पुन्हा उघडलं. मिस्टर वेंडेलांच्या हातात दुनळी बंदूक होती.

ल्यूशियस झाडाखाली गुडघ्यांवर होता, पाठ घराकडे, कानांवर मशीनचे हेडफोन. म्हातारा पायऱ्या उतरला, गवतात आला, आणि बंदूक खांद्याला लावून ओरडला, "कोण रे तू? माझ्या अंगणात काय पुरतोस?"

मी हॉर्न दाबायला हात नेला आणि तो तिथंच थिजला. हॉर्ननं म्हातारा दचकला असता, तर बोट कुठं होतं त्याचं? देवाचं नाव घ्यायचं तर तेही आठवेना. ल्यूशियसनं हेडफोन काढले. वळला. हात वर केले. त्याचं ते भाषण सुरू झालं, "नमस्कार, मी ल्यूशियस मेब्री..." आणि म्हातारा म्हणाला, "मी ओळखत नाही तुला. कुणी घेतलं तुला आत?"

"तुम्हीच सकाळी..."

"खोटं बोलू नकोस!"

मला वाटलं, संपलं. आणि मग अगदी चढ्या, खणखणीत आवाजात ल्यूशियस ओरडला, "टपाल, मिस्टर वेंडेल!"

बंदुकीची नळी हळूच खाली आली. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरचा सगळा राग कुणी फडक्यानं पुसावा तसा गेला. "हो का? आज उशीर केलास. काय आहे माझं?"

ल्यूशियसनं माझ्याकडे पाहिलं. गाडीच्या कप्प्यात किराणा दुकानाचं जाहिरातीचं पत्रक होतं. ते घेऊन मी गवत तुडवत गेले, वाटाणे सगळे सांडले, आणि त्या माणसाच्या हातात कागद दिला. त्यानं बंदूक झाडाला टेकवली आणि डुकराच्या मटणाचा भाव वाचायला लागला.

तेवढ्यात त्याची मुलगी लीअन जेवणाचा डबा घेऊन आली. गाडीतून उतरली, बंदूक पाहिली आणि हातातला डबाच टाकला. तिनं बंदूक उघडली. दोन लाल काडतुसं तिच्या तळहातावर पडली. इतका वेळ मी मनाला समजावत होते की रिकामी असेल, रिकामी असेल.

"मी ही लपवली होती," ती म्हणाली. "त्यांनी शोधून काढली. त्यांना न्याहारीची गोष्ट जेवणापर्यंत लक्षात राहत नाही. तुम्ही त्यांची सही घेतलीत?"

"घेतली, ताई. माफ करा. तुम्हाला विचारायला हवं होतं." ल्यूशियसच्या कपाळावरून अजून घाम गळतोय, आणि माफी कोण मागतंय बघा! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिला चार शब्द सुनावायला मी तोंड उघडलं, पण तिचे हात बघितले आणि मिटलं. ती दोनच काडतुसं ते पुन्हा पुन्हा मोजत होते.

"तुमचं ते मशीन घरात चालतं का?" तिनं खालच्या आवाजात विचारलं. "आईचं एक पिस्तूल होतं, लहानसं. ईस्टरपासून दिसत नाही. सगळं घर पालथं घातलं मी. रोज दार उघडताना वाटतं, आज काय बघायला मिळतंय."

"चल," मी ल्यूशियसला म्हणाले. "आत्ताच्या आत्ता घरी चल."

"आणि उद्या इथं खरा टपालवाला येईल, त्याचं काय?" तो म्हणाला. त्याची जागा आता कुणा तरण्या पोरीनं घेतलीय, हे मला माहीत होतं. झालं. मी गाडीची किल्ली पुन्हा पिशवीत टाकली.

मोठ्या मशीनबरोबर एक हातभर कांडी येते, धातूजवळ नेली की थरथरते. ती घेऊन तो लीअनबरोबर आत गेला. त्या घराचा उंबरा तो पहिल्यांदाच ओलांडत होता. दुनळी बंदूक लीअनच्या गाडीत कुलपात गेली. आणि मला काम काय दिलं? ओट्यावरच्या उशी टाकलेल्या लाकडी बाकावर मिस्टर वेंडेलांशेजारी बसून त्यांना रमवायचं!

तास गेला. आत कपाटं सरकत होती, गाद्या उलटत होत्या. "तू कोण?" त्यांनी मला सात वेळा विचारलं. सातही वेळा मी सांगितलं, टपालवाल्याची बायको. दर वेळी ते हात उशीच्या कडेला नेत, चाचपत, पुन्हा मांडीवर ठेवत. माझं लक्ष त्यांच्या चेहऱ्याकडे, हाताकडे कोण बघतंय? मी मटणाचे भाव पुन्हा वाचले, मग बटाट्यांचे.

ल्यूशियस हात हलवत बाहेर आला. सापडलं नव्हतं. काय करावं सुचेना म्हणून तो बाकाजवळ उभा राहिला, कांडी हातात तशीच लोंबत. आणि ती थरथरली. त्यानं माझ्या बाजूला नेली, गप्प. मिस्टर वेंडेलांच्या बाजूला नेली, थरथरली. खिळा असेल म्हणून त्यानं बाकाचा पाय पाहिला, पाठ पाहिली. पुन्हा उशी. त्याच्या चेहऱ्याचा रंगच उतरला.

म्हातारा त्या पिस्तुलावरच बसला होता. आणि मी तासभर त्याला खेटून.

लीअन बापाचा दंड धरायला पुढे झाली. ल्यूशियसनं नुसत्या डोळ्यांनी तिला थांबवलं. घाबरलेल्या माणसाचा हात पहिल्यांदा कुठं जाईल, हे आम्हाला तिघांनाही कळत होतं. कांडी त्यानं खाली ठेवली. टोपी काढली. दोन पावलं मागे, पायरीवर गेला, तळवे समोर धरले. शर्ट घामानं छातीला चिकटला होता. चार वर्षं मी समजत होते की भीती मलाच वाटते.

"नमस्कार, मिस्टर वेंडेल. मी ल्यूशियस मेब्री."

"मेब्री? मी नाही ओळखत."

"नाही, साहेब. तुम्ही बसला आहात तिथं मिस आयलीन यांची एक वस्तू राहिली आहे. तुमची परवानगी असेल तर मी ती काढून तुमच्या मुलीच्या हातात देईन."

म्हाताऱ्याचा उजवा हात उशीच्या कडेला गेला आणि तिथंच राहिला. माझ्या मांडीपासून वीतभर.

"आयलीनची वस्तू?" तो म्हणाला. "मग मी कशी परवानगी देणार? तिला विचारा. ती हो म्हणाली तर घ्या."

लीअनच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "विचारते, पपा," ती म्हणाली आणि आत गेली. आत तिची पावलं वाजली, थांबली. आम्ही तिघं तसेच. तो हात तसाच. ती जाळीच्या दारात परत आली.

"काय म्हणाली तुझी आई?"

लीअननं तोंड उघडलं. शब्दच फुटेना. म्हाताऱ्याच्या कपाळाला आठी पडली, बोटं उशीखाली सरकली.

"हो म्हणाल्या," मी म्हणाले. माझा आवाज कुठून आला देव जाणे. "मी इथून ऐकलं, मिस्टर वेंडेल. म्हणाल्या, घेऊ दे त्यांना. आणि तुम्हाला जेवायला बोलावलंय."

"असं होय," तो म्हणाला. त्यानं रिकामा हात बाहेर काढला, तो माझ्या खांद्यावर ठेवला, आणि कण्हत उठला.