काळ्या बोटांचं मतदान
लग्न होऊन मी नागपूरहून उमरेडला विणकरांच्या गल्लीत आले, त्याच्या पुढच्याच वर्षी लोकसभेची निवडणूक आली. सासूबाईंनी तेव्हापासूनच धोशा लावला, "या खेपेस मी सगळ्यांत पयले जाईन." मागच्या निवडणुकीत त्या दुपारी पोचल्या, तोवर त्यांच्या नावावर भलतीच बाई मत टाकून गेली होती. तो राग त्यांनी इतकी वर्षं जपून ठेवला होता.

मतदानाला सुट्टी, माग बंद. म्हणून गल्लीतल्या बायांनी नेहमीसारखी एकाच अंगणात रंगाची कढई चढवली आणि लुगड्यांच्या काठांचं सूत आदल्या दिवशीच काळं रंगवून टाकलं. मीही हात घातला. बोटावर शाई लावतात, हे आम्हा शहाण्यांपैकी एकीलाही आठवलं नाही!

सकाळी शाळेत सासूबाई रांगेत पहिल्या, मी त्यांच्या मागे. शाईवाल्या साहेबाने त्यांचं बोट पाहिलं आणि हात बाजूला सारला. "बाई, तुम्ही दुसऱ्या केंद्रावर मत टाकून आलात." बाजूला बसलेला एका पक्षाचा एजंट लगेच ओरडला, "दुबार मतदान! बाहेर काढा!"

सासूबाईंचा चेहरा पडला. पुन्हा तेच होणार, असं मला वाटलं. मग त्यांनी दोन्ही पंजे टेबलावर ठेवले.

"एका मताले दहा बोटं काळी होतात काय? काहून खोटं बोलून राहिले गा? सूत रंगवलं काल."

मी माझे हात पुढे केले. मागच्या सगळ्या बायांनीही केले. अख्खी रांग काळी! साहेबाला हसू आवरेना. एजंट मात्र खाली मान घालून कागद चाळायला लागला, बरी जिरली मेल्याची.

बोटाच्या मुळाशी, जिथे रंग पोचला नव्हता, तिथे साहेबाने शाईची रेघ ओढली. मत टाकून सासूबाई बाहेर आल्या आणि पायरीवर बसून पदराने डोळे पुसू लागल्या. माझाही जीव भांड्यात पडला.

काही दिवसांनी निकाल लागला. त्यांचा उमेदवार सपाटून हरला. मी घाबरतच सांगितलं, तर त्या सूत गुंडाळता गुंडाळता म्हणाल्या, "हारला त हारला वं. माह्यं मत त मीच टाकलं."