मागच्या दाराजवळची घोंगडी

सासूबाईंना जाऊन आज महिना झाला. त्यांची सांगोल्याची काळी घोंगडी मागच्या दाराजवळ अजून तशीच आहे. विटाळाचे तीन दिवस मी तिच्यावर बाजूला बसत असे. चुलीला शिवायचे नाही, पाण्याला नाही, मुलांनाही नाही.

तेव्हा मला तीन मुले होती. धाकटी अंगावर पीत होती. गिरणीचा भोंगा होण्याआधी यांच्या भाकरी तयार लागत. एका सकाळी थोरलीने तांब्या सांडला आणि मी तिला उलथन्याने मारले. कोपऱ्यात उभी राहून ती माझ्याकडे परक्या बाईकडे पाहावे तशी पाहू लागली. मी हातातले ठेवले, मागच्या दाराशी जाऊन उभी राहिले आणि सासूबाईंना म्हणाले, "आत्याबाई, मी बाजूला झाले."

ते खोटे होते.

तीन दिवस मी झोपले. कापडाला विटाळ नको म्हणून सासूबाई धाकटीला उघडी करून पाजायला देत. बाकी कोणी जवळ आले नाही. तिसऱ्या दिवशी एका मासिकाचा जुना अंक वाचून काढला. चौथ्या दिवशी न्हाऊन थोरलीची वेणी घातली. केस एकदाही ओढले गेले नाहीत.

पुढेही मी तसेच करू लागले. मग सासूबाईंची नजर बदलली.

"मागल्या एकादशीला बसलीस की गं. ही एकादशी व्हायच्या आत परत?"

"होतं कधी कधी."

"व्हय, होतंय." त्या दोरीकडे पाहत राहिल्या. मी नुसतीच भिजवून वाळत घातलेली फडकी तिथे होती. "तुझं धुणं लई पांढरं निघतंय."

त्यांनी यांच्या कानावर घातले असते तर ते तीन दिवस गेलेच असते, आणि खऱ्या वेळीही माझ्यावर कोणी विश्वास ठेवला नसता. त्यांनी कडू काढा केला आणि मी तो संपवेपर्यंत समोर उभ्या राहिल्या. औषध होते की शिक्षा, मला कळेना.

पुढे धाकटीला दात येत होते. आठवडाभर माझी पाठ जमिनीला लागली नव्हती. मी पीठ मळत असताना यांनी बाहेरून पाणी मागितले. मी उठणार, तोच सासूबाई म्हणाल्या, "तिला हाक मारू नगंस. ती बाजूला बसलीय."

माझे हात पिठाने भरलेले होते. त्यांनी परात स्वतःकडे ओढली.

"जा की. बघतीस काय?"

मी घोंगडीवर पडले, पण त्या दिवशी झोप लागली नाही. आता कधी टोमणा येईल, याची वाट पाहत राहिले. तो आला नाही. त्यानंतर कितीदा तरी त्यांनीच तसे सांगितले आणि दर वेळी मी मनात विचारले, आत्याबाईंना माझ्याकडून हवे तरी काय?

यंदा उन्हाळ्यात त्या दुपारी जात्यावर न बसता पडून राहू लागल्या. "पाय भरून आल्यात गं," म्हणत. सोंग कसे करतात ते मला ठाऊक होते. त्यांनी माझी फडकी पाहिली तसे मी त्यांचे पाय दुरून पाहिले, हात लावला नाही. सूज उघड दिसू लागली तेव्हा डॉक्टर म्हणाले, उशीर झाला.

वयामुळे त्यांचे बाजूला बसणे कधीच संपले होते. 'तिला हाक मारू नका' असे त्यांच्यासाठी म्हणणारी घरात मी एकटीच होते.

काल दुपारी मी त्या घोंगडीवर जाऊन पडले. थोरलीने दाराशीच थांबून विचारले, "बाजूला झालीस?"

"नाही," मी म्हणाले. "दमले आहे."

ती आत आली आणि माझ्या पायाशी बसली.