क्लबाचा कोच

भर मैदानात जहागीरदाराच्या गड्यानं त्या पोराच्या पायावर बादलीभर पाणी ओतलं, इटाळ धुवायला. पोरगा जहागीरदाराचा, मिसरूड फुटलेला. म्या त्याचा घोटा धरला होता. पायाच्या आतल्या बाजूनं चेंडू कसा मारायचा, ते दाखवत होतो.

"हात लावायला कुणी सांगितलं तुला?" जहागीरदार खुर्चीतनं ओरडला. "तोंडानं शिकव. पायरीनं राहा."

पोरगं हसलं. टीम हसली. बाजूला बसलेले वकील, तहसीलदार, सगळे हसले. म्या मान खाली घातली.

निजामाचं राज्य होतं तवा. म्या धाराशिवच्याच महारवाड्यातला. हैदराबादला एका फौजी टीमकडनं पगारी खेळलो, कैक वर्षं. तिथं गोल केला की पठाण, ख्रिस्ती, मराठे, सगळे मिठी मारायचे. गुडघा मोडला आन गावी आलो. जहागीरदाराच्या फुटबॉल क्लबानं कोच म्हणून ठेवलं. वाटलं, गावानं ओळखलं. ओळखलंच होतं. जातीनं.

घरी बायकोनं भाकर वाढली. म्या ताट बाजूला सारलं. जहागीरदारापेक्षा माझाच लई राग आला. हैदराबादेत कुणापुढं वाकलो न्हाय, आन इथं वाकलो.

सकाळी क्लबावर गेलो. गळ्यातली शिट्टी काढून जहागीरदारापुढं मातीत टाकली.

"सरकार, तुमचा कोच काल मेला. हितनं पुढं मी तुमचा वैरी."

"माजलास व्हय रे?"

"व्हय. माजलो."

ओढ्याकाठच्या पडीक रानात टीम उभी केली. आमच्या वस्तीतली पोरं, मांगवाड्यातली पोरं, दोघं कसाई. गोलात चाँद पिंजारी. सगळे अनवाणी. दिवसभर मजुरी करायचे आन उन्हं कलली की यायचे. म्या त्यांला रडंस्तोवर पळवलं.

तालुकदारसाहेबांना फुटबॉलचं वेड. त्यांच्यापुढं जाऊन क्लबाशी सामना मागितला. सगळ्या जिल्ह्याचा साहेब तो, त्याला जहागीरदार न्हाय म्हणू शकला न्हाय.

मैदानात उतरताना पोरांला एकच सांगितलं, "फाऊल करायचा न्हाय. पण दर चेंडूला खांद्याला खांदा लावायचा."

आमचं पोरगं जवळ आलं की क्लबवाली मागं सरायची. इटाळ नको म्हणून चेंडू सोडायची. आमी घ्यायचो.

जहागीरदाराचं पोरगं एकदा मात्र अडून उभं राह्यलं. मांगवाड्यातल्या मारुतीनं असा खांदा दिला की तोंडावर आपटलं. दातांत माती. त्यानं पंचाकडं बघितलं. पंच म्हणजे शाळेचे ड्रिलमास्तर.

"खेळा," ते म्हणाले.

मला लई बरं वाटलं. खोटं कशाला सांगू?

आमी चार गोल मारले. त्यांचा एकबी न्हाय. सामना संपल्यावर जहागीरदार खुर्ची सोडून माझ्यापाशी चालत आला.

"झालं गेलं सोड. परत ये क्लबात. पोरांला हात लावून शिकव, कुणी काय म्हणणार न्हाय."

"तुम्ही हात लावू द्याल, सरकार. मला आता लावायचा न्हाय. मला तुमाला हरवायचंय."

पुढं निजाम गेला. जहागिरी गेली. क्लब त्यांच्याच हातात राह्यला. म्हणून माझं वैरबी राह्यलं. आता केस पिकलेत, तरी ओढ्याकाठी रोज जातो. नव्या पोरांला सांगून ठेवलंय. समोर क्लब असला की चार गोलांवर थांबायचं न्हाय. पाचवा मारायचा. ते मैदान सोडून निघाले, तरी मारायचा.