केतकीच्या तोंडून कोण बोललं?

हे लिहिणारी बाई मानसशास्त्र शिकवते, एवढं आधी लक्षात घ्या. भूतखेत, करणी, अंगात येणं... यातल्या एकाही गोष्टीवर माझा कधी विश्वास नव्हता. वाडीत माझ्या मावशीच्या शेजारी एका बाईंच्या अंगात यायचं. सगळे हात जोडून उभे, आणि मी मावशीच्या कानाशी, "अगं, मनावरचा ताण असतो हा, दुसरं काही नाही." मावशी मला चिमटा काढायची. तर अशी मी! आणि तरीही भर दुपारी, ट्यूबलाइटच्या उजेडात, शिकल्यासवरल्या माणसांसमोर जे झालं ते आजही मला उलगडलेलं नाही.

आम्ही बडोद्याचेच. वडील कोयलीला रिफायनरीत होते. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर गुजराती, आणि भांडताना दोन्ही. इथल्याच एका युनिव्हर्सिटीत मी शिकवते. मुलांसाठी समुपदेशन केंद्र काढायचं ठरलं आणि काम आलं माझ्या आणि आमचे विभागप्रमुख भट्टसर यांच्या गळ्यात. पहिलं भांडण नावावरून. 'मानसिक' हा शब्द बोर्डावर दिसला तर एक मूल फिरकणार नाही, हे भट्टसरांचं म्हणणं, आणि ते खरंच होतं. शेवटी गुजरातीतलं 'मोकळाश' ठेवलं. म्हणजे मोकळेपणा. आपल्यालाही कळतो.

जागा मिळाली ती लायब्ररीच्या मागची जुनी लँग्वेज लॅब. मागच्या बाजूला, म्हणजे येणारं-जाणारं कोणाला दिसायला नको. तिथून मुलींचं हॉस्टेल चालत पाच मिनिटांवर. उद्घाटन अजून व्हायचं होतं, दारावर 'लवकरच सुरू होत आहे' असा कागद चिकटवलेला. आत आमचं स्वयंसेवकांचं ट्रेनिंग चाललेलं. एम.ए.ची मुलं-मुली, सगळे मिळून आठ-दहाजण.

या ट्रेनिंगमध्ये रोल-प्ले असतो. एकाने अडचणीतला विद्यार्थी व्हायचं, दुसऱ्याने त्याचं ऐकून घ्यायचं, बाकीच्यांनी बघायचं. त्या दिवशी विद्यार्थी होती केतकी शिर्के. हसरी, बडबडी पोरगी. पणजोबा संस्थानाच्या फौजेत होते म्हणून आम्ही तिला 'सरदार' म्हणायचो. तिची भूमिका मी ठरवून दिली होती : परीक्षेला घाबरलेला इंजिनिअरिंगचा मुलगा. ऐकणारी मी. दाराला आतून कडी घातली, समोरासमोर बसलो. मी एसीचा रिमोट शोधत होते... आणि केतकी बोलायला लागली.

"हुं थाकी गई सुं, बेन."

थकले मी, ताई. मी चमकून वर बघितलं. आवाज केतकीचाच, पण बोली तिची नव्हती. आमचं बडोद्याचं गुजराती शहरी, त्यात केतकीचं तर चक्क मराठी हेलाचं. हे मात्र अस्सल काठियावाडी होतं, 'छुं'च्या जागी 'सुं' म्हणणारं. ती मांडीवर हात ठेवून खाली बघत सावकाश बोलत होती. म्हणत होती, घरी सगळ्यांना वाटतं मी पहिली येते. मी दोन वर्षं खोटं सांगतेय. आज सकाळी मम्मीला फोन केला, म्हटलं मजेत आहे. मोगऱ्याची कुंडी मेसच्या जसुबेनला देऊन टाकली. आता खोलीत काही उरलं नाही. इथवर आले, पण दार वाजवायची हिंमत होत नाही.

एक मुलगा डोळे पुसत होता. ती थांबली, आणि दोन क्षणांनी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काय अभिनय, काय पकड! मीही वाजवल्या. भट्टसर तर उभे राहिले, "वाह बेटा, वाह!"

केतकीने मान वर केली आणि ती आमच्याकडे बघतच राहिली.

"काय झालं? टाळ्या कशाला?"

"अगं, आता केलंस ते!"

"मॅडम, मी सुरू केलंच कुठे? तुम्ही रिमोट शोधताय ना अजून?"

सगळे हसले. मला वाटलं पोरगी आगाऊपणा करतेय. पण तिचा चेहरा बघितला आणि माझं हसू जिरलं. ती घाबरली होती. मी तिला पाणी दिलं, चहाची सुट्टी केली आणि मनाशी नेहमीचं उत्तर तयार केलं : भूमिकेत जास्त शिरली, तेवढ्यापुरतं भान हरपलं, होतं असं. मी शिकवतेच ना हे वर्गात! वस्तू वाटून टाकणं ही धोक्याची खूण असते, हेही आदल्याच दिवशी मी त्यांना सांगितलं होतं. तिथूनच उचललं असणार.

पण मोगरा? जसुबेन? केतकी राहते दांडिया बाजारात आपल्या घरी. हॉस्टेलची मेस तिने कधी पाहिलेली नाही. शेवटी कोपऱ्यात जाऊन मी हॉस्टेलच्या रेक्टर वसुबेन यांना फोन लावला. काय विचारायचं हेही धड सुचेना.

"वसुबेन, वेड्यासारखा प्रश्न आहे... तुमच्या मेसमध्ये जसुबेन कोणी आहे?"

"हा ने, आहे. का?"

"तिला आज कोणी मोगऱ्याची कुंडी दिली का?"

"अरे, तुम्हाला कोणी सांगितलं? सकाळीच मला दाखवत होती. वरच्या मजल्यावरच्या हेतलने दिली."

पुढचं मी काय बोलले आठवत नाही. एवढंच आठवतं, की मी पळत होते आणि फोनमध्ये ओरडत होते, "वर जा, आत्ताच्या आत्ता वर जा, दार उघडत नसेल तर तोडा!" या वयात, साडीत, चपला हातात घेऊन. मी पोचले तेव्हा वॉचमनने दार तोडलं होतं. हेतल जमिनीवर पडली होती. काय केलं होतं ते इथे लिहिणार नाही, कोणी विचारूही नका. श्वास चालू होता. आम्ही तिला तसंच उचलून हॉस्पिटलमध्ये नेलं. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर हातात काही नव्हतं.

वाचली. पोरगी वाचली हो! मी हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बसून हमसाहमशी रडले. भट्टसर शेजारी उभे होते.

हेतल काठियावाडातली, अमरेलीकडच्या गावातली. केतकी तिला ओळखत नाही. दोघींचे विभाग वेगळे, मैत्रिणी वेगळ्या. मी खोदखोदून विचारलं, अगदी पोलिसासारखं. केतकीने काठियावाड बघितलेलासुद्धा नाही. तिला त्या बोलण्यातलं आजही काही आठवत नाही. ती स्वयंसेवक म्हणून टिकली, चांगलं काम करते, पण रोल-प्लेच्या खुर्चीवर बसत नाही. मीही आग्रह करत नाही.

मावशीला सांगितलं तर ती म्हणाली, "बघ, आता तरी मान. अंगात आलं तिच्या."

"अगं पण मावशी, हेतल तर जिवंत होती! जिवंत माणूस येतं का कोणाच्या अंगात?"

मावशी म्हणाली, असं काही कधी ऐकलं नाही बाई.

खरा धक्का मला त्यानंतर बसला. हेतल बरी होऊन बसायला लागली तेव्हा मी तिला भेटायला गेले. तिची आई खाली औषधं आणायला गेली होती. हेतल खिडकीकडे बघत हळूच म्हणाली, "मॅडम, त्या दिवशी मी तुमच्याकडे आले होते."

"कुठे?"

"मोकळाशला. दाराबाहेर उभी होते. काय बोलायचं ते मनातल्या मनात म्हणून बघत होते. सगळं म्हणून झालं. हात वरपण केला दार वाजवायला... तेवढ्यात आतून टाळ्या ऐकू आल्या. मला वाटलं, आत कसला तरी प्रोग्राम चाललाय, लोक खुशीत आहेत, आपण कुठे मध्ये जायचं. म्हणून परत गेले."

मी विचारलं, मनातल्या मनात म्हणजे ओठांनी? ती म्हणाली, नाही, तोंड मिटलेलं होतं.

आता मला सांगा, याचं काय करायचं? ती लँग्वेज लॅब आहे, भिंतींना आवाज शोषणारे बोर्ड, दार जाडजूड. आम्ही नंतर करून बघितलं. भट्टसर बाहेर उभे, आत मी तळवे लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या. त्यांना काही ऐकू आलं नाही. मग ते बाहेरून ओरडले, मला काही ऐकू आलं नाही. म्हणजे तिचं न बोललेलं आत आलं आणि आमच्या टाळ्या बाहेर गेल्या... कसं? भट्टसर म्हणतात योगायोग. म्हणतात खरे, पण माझ्याकडे न बघता म्हणतात. मी पुस्तकं चाळली, जुन्या मास्तरांना विचारलं. कोणाकडेच उत्तर नाही. तुमच्यापैकी कोणाकडे असेल तर जरूर लिहा, फक्त थट्टा करू नका.

केंद्र आता रोज उघडं असतं. दाराची कडी मी स्वतः काढून टाकली. हेतलने मला एकदा विचारलं, तुम्हाला कळलं कसं? मी म्हटलं, जसुबेनने कुंडीचं सांगितलं. ते अर्धंच खरं आहे. त्या टाळ्या तिच्याच बोलण्याला पडल्या होत्या, हे तिला सांगायची माझी अजून छाती झालेली नाही.